पिकअपची खडखड आणि आबांचा टेप

गेल्या महिन्यात गाडीचा टेप बंद पडला. २०१३ ची पिकअप, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, मीटरवर २ लाख ६० हजार होऊन गेलेत, तेव्हा टेप बंद पडला यात नवल काय नाही. पण त्या दिवशी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचा माल उतरवला आणि रिकामी गाडी घेऊन तावडे हॉटेलपासनं गावात शिरलो तर मला वाटलं मागं काहीतरी सुटलंय. गाडी बाजूला घेतली, उतरलो, फाळका बघितला, स्टेपनी हलवून बघितली, सायलेन्सरला पाय लावून बघितला, सगळं जागच्या जागी. परत बसलो, निघालो, परत तेच. कावळा नाका येईपर्यंत कळलं की काही सुटलेलं नाही, आपली गाडी अशीच वाजती, रोजच वाजत असणार, फक्त आज वरनं गाणं नव्हतं.

ही गाडी पहिली नऊ वर्षं आबांनी चालवली, नंतर माझ्याकडं आली. आबा गाडीत बसले की किल्ली फिरवायच्या आधी टेप लावायचे आणि तोही मोठ्यानं. कॉलेजला असताना मला वाटायचं आबांना जुन्या गाण्यांचा लई नाद आहे. त्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना सहज म्हणलं, आबा, गाडी एवढी वाजती, तुम्ही कधी बोलला नाही. तर आबा म्हणाले, "वाजती म्हणूनच तर टेप लावायचो की बाळा."

हे मला लई लागलं. नऊ वर्षं, रोज आठ-दहा तास, तो माणूस त्या खडखडीत बसला आणि त्याच्यावर गाणी ओतत राहिला. आणि आपण घरात बसून इंजिन ऑइल वेळेवर बदललं का, टायर बदलायला झालेत का एवढंच विचारत होतो. तेव्हा मी ठरवलं की टेप दुरुस्त करायच्या आधी आवाज काढायचे. तीन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी त्यात गेल्या, आणि त्यात जे शिकलो ते इथं लिहून ठेवतोय. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण कामाच्या सगळ्याच पिकअपना वयाप्रमाणं हे होतंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आवाजाला नाव द्या. आपल्या मराठीत याला इतके शब्द आहेत की अर्धं काम तिथंच होऊन जातंय. खडखड म्हणजे लोखंडावर लोखंड आपटतंय आणि दोन्हींच्या मधी फट पडलीय. खुळखुळ म्हणजे कुठल्यातरी पोकळीत सुटी वस्तू आहे, पोरांच्या खुळखुळ्यात असती तशी. कुरकुर म्हणजे प्लास्टिकला प्लास्टिक घासतंय. करकर म्हणजे वजन पडल्यावर येणारी, पाट्यांची (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) नाहीतर सीटच्या सांगाड्याची. आणि भणभण म्हणजे गाडी जागेवर उभी असताना इंजिनच्या ठराविक फेऱ्यांना एखादा पत्रा थरथरतो ती. गॅरेजला जाऊन नुसतं "गाडी आवाज करती ओ" म्हणलं की मिस्त्री सगळे नट आवळून देतात आणि आवाज तिथंच राहतोय. आमचे मिस्त्री, उद्यमनगरातले, मी त्यांना मामा म्हणतो, त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "खडखडतीया का कुरकुरतीया ते सांग आधी, मग पाना घेतो."

मुळात जाती दोनच आहेत, आपटण्याचा आवाज आणि घासण्याचा आवाज. आपटण्याला फट लागते आणि हादरा लागतोय. घासण्याचं जरा वेगळं आहे, दोन पृष्ठभाग एकमेकाला क्षणभर धरून बसतात, ताण वाढतोय, सटकतात, परत धरतात, असं सेकंदाला शेकडो वेळा, आणि त्याचाच आवाज होतोय. फळ्यावर खडू किंचाळतो, दाराचं बिजागर ओरडतं, त्यातला प्रकार. म्हणून आपटण्याच्या आवाजाला फट बुजवावी नाहीतर आवळावं लागतंय आणि घासण्याच्या आवाजाला मधी काहीतरी मऊ घालावं लागतंय. कुरकुरणारी जागा जास्त आवळली की कधीकधी जास्तच कुरकुरती, हे मी स्वतः करून बघितलंय, ग्लोव्ह बॉक्सच्या स्क्रूला.

आता पिकअपच एवढी का वाजती, शेजारच्यांची कार तेवढ्याच वर्षांची असून का नाही वाजत. कारण कारची बॉडी म्हणजे एकच पेटी असती. पिकअपला खाली शिडीसारखी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, तिच्यावर पुढं केबिन वेगळी बोल्ट केलेली, मागं हौदा वेगळा बोल्ट केलेला, आणि केबिन आणि चॅसीच्या मधी रबरं. ती चॅसी पिळली जाते, आणि पिळलीच पाहिजे, नाहीतर शेताच्या बांधावर चढताना एक चाक अधांतरी राहील. तुम्हाला बघायचं असंल तर एकाला गाडी चालवायला सांगा, पुढचं एकच चाक हळू एखाद्या उंचवट्यावर चढवायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून केबिन आणि हौद्याच्या मधली फट बघा. वर एका बाजूला फट उघडती, दुसऱ्या बाजूला मिटती. मी मोबाईलवर त्याचं शूटिंग केलंय, आबांना दाखवलं तर ते बघतच राहिले. नवीन गाडीत हे सगळं रबरं आणि मऊ जोड झेलतात, जुन्या गाडीत तो पीळ दरवाज्याच्या चौकटीपर्यंत, काचेपर्यंत, डॅशबोर्डपर्यंत जातोय.

त्यात मागचे पाटे. दीड टनासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीखाली हलतच नाहीत, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येतोय. म्हणून माल भरलेली गाडी शांत वाटती आणि परतीची रिकामी गाडी थाळ्या वाजवल्यागत वाजती. गगनबावड्याला जाताना, बालिंगा, कळे, साळवण करत, गाडी भरलेली असती, गप्प असती, वर करूळ घाट उतरून खाली माल दिला आणि परत निघालो की सुरू. मला आधी वाटायचं घाटात काहीतरी ढिलं होतंय. ढिलं आधीपासनंच होतं, वजनानं दाबून धरलं होतं.

आणि जास्त माल भरायचं म्हणाल तर तेही लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. कास्टिंग दिसायला थोडं आणि वजनाला भरपूर, हौदा अर्धा रिकामा दिसतोय म्हणून अजून चार नग टाकले जातात, आणि आम्हीही टाकलेत. प्रत्येक जादा खेपेला चॅसी थोडी जास्त वाकती, केबिनची रबरं थोडी जास्त चेपतात. इंजिन ते सहन करतंय, ब्रेकचं लगेच कळतंय, पण बॉडीचं पाच-सहा वर्षांनी कळतंय आणि तेव्हा कुणाला ती खेप आठवत नाही.

तर पहिला रविवार. सुरुवात करताना गाडी रिकामी करा, म्हणजे खरोखरची रिकामी. मी सीटमागनं, सीटखालनं, खणातनं सगळं काढून अंगणात मांडलं: जॅक, जॅकचा दांडा, दोन पाने, तुटकी ताडपत्रीची कडी, पावत्यांचा गठ्ठा, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरच्या देवाची फ्रेम, आरशाला बांधलेली छोटी घंटा, अॅश ट्रेमधली चिल्लर, उन्हाच्या झडपीत अडकवलेला आबांचा जुना चष्मा. नुसतं एवढं काढून एक फेरी मारली तर निम्मा आवाज गेला. जॅकचा दांडा त्याच्या क्लिपमधनं कधीच निसटला होता आणि सीटमागच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं आपटत होता, तिथला रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता. दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि परत बसवला, खर्च शून्य.

मग दरवाजे. डावीकडचा दरवाजा ही गाडीतली सगळ्यात मोठी खुळखुळ. आतला कागदी पुठ्ठ्याचा पॅड काढला आणि खाली हात घातला तर काय निघालं सांगतो: एक १० नंबरचा बोल्ट, मूठभर काचेचे दाणे, आणि वाळलेल्या चिखलाचे गोळे. काच २०१७ ला फुटली होती, नवीन बसवली, पण बसवणाऱ्यानं जुनीचे दाणे तसेच आत ठेवले. आणि चिखल महापुरातला. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, आमची गाडी तिकडंच एका शेडमध्ये अडकली आणि निम्म्या दरवाज्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल सगळ्याचं ऑइल बदललं, वायरिंग बघितलं, सीट वाळवलं, आणि दरवाज्याच्या पोटात गाळ साठलाय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो गाळ वाळला, तडकला, त्याचे गोळे झाले आणि दरवाजा आपटला की वाजायला लागले.

वाजण्यापेक्षा वाईट म्हणजे त्या गाळानं दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवली होती. प्रत्येक गाडीच्या दरवाज्याला खालच्या कडेला अशी दोन-तीन बारीक भोकं असतात, काचेच्या कडेनं आत गेलेलं पाणी तिथनं बाहेर पडतंय. ती बुजली की पाणी आत साठतंय आणि दरवाजा आतनं कुजतोय, बाहेर रंगाला फोड आल्यावर कळतंय. गगनबावड्याच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांना तर हे बघावंच लागतंय, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिकडं. आमच्या दरवाज्याचा तळ बोटभर गंजलाय, पण वेळेत सापडला. एका काडीनं भोकं मोकळी केली, पाणी सोडून बघितलं, मग आतनं गंजरोधक मारला. तुमच्या गाडीचं आजच बघा, माचिसची काडी पुरती.

दरवाज्याची खडखड वेगळी होती. दरवाजा अर्धा उघडायचा आणि खालनं दोन्ही हातांनी वर उचलून बघायचा. वरखाली हलला की बिजागराची पिन झिजली. आमचा चांगला बोटाच्या पेरभर हलत होता, ड्रायव्हरच्या बाजूचा, दिवसातनं वीस-तीस वेळा उघडणारा. याला दुकानात पूर्ण बिजागर घ्या म्हणून सांगितलं. पण आपण कोल्हापुरात राहतो, ऑइल इंजिनच्या काळापासनं इथं लेथवाले आहेत, मामांनी बिजागर सोडवलं, पलीकडच्या गल्लीत नेलं, भोक साफ करून घेतलं आणि गनमेटलचे दोन बुश, म्हणजे पिन फिरते त्या बारीक नळ्या, टर्न करून ठोकले, नवीन पिन बसवली. दीड तासात दरवाजा बसला तो असा की बंद करताना ठप् एवढाच आवाज. हा ठप् ऐकायला मी दरवाजा सात-आठ वेळा उघडून लावला, मामा हसायला लागले.

मग चौकटीवरचा खटका, म्हणजे ज्याच्यात दरवाज्याचं लॉक अडकतंय तो. तो सैल करून आत एक-एक मिलिमीटर सरकवायचा असतोय, पण आधी पेन्सिलनं त्याच्या भोवती रेघ मारून घ्या, नाहीतर मूळ जागा कुठली होती ते कळणार नाही आणि दरवाजा लागायचाच बंद होईल. आणि दरवाज्याचं रबर. इथं एक चूक सगळीकडं बघतो, रबर कुरकुरतंय म्हणून लोक त्याला इंजिन ऑइल नाहीतर ग्रीस लावतात. दोन दिवस गप्प बसतंय आणि नंतर ते रबर फुगतंय, मऊ होऊन लोंबतंय. दरवाज्याची रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, त्यांना पाणी, ऊन चालतंय पण खनिज तेल चालत नाही. सिलिकॉन ग्रीस घ्या, फडक्यावर घेऊन पातळ पुसा, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

दुसऱ्या रविवारी डॅशबोर्ड, आणि हे सगळ्यात किचकट. कुरकुर सकाळी सहाला जोरात, दुपारी बाराला बंद, संध्याकाळी परत. मी वेडा झालो होतो, की दुपारी मिस्त्रीकडं नेली की आवाजच नाही. कारण साधं आहे. प्लास्टिक तापलं की लोखंडापेक्षा कितीतरी जास्त वाढतंय. डॅशबोर्डला वापरतात ते पॉलिप्रॉपिलिन, साधं घेतलं तर मीटरभर लांबीची पट्टी ४० डिग्रीनं तापल्यावर ४ मिलिमीटर किंवा त्याच्याही वर वाढती, तेवढीच लोखंडाची पट्टी अर्धा मिलिमीटर. टाल्कची पावडर मिसळून कंपन्या हे कमी करतात पण लोखंडाएवढं कमी होत नाही. आता विचार करा, लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिक क्लिपांनी बसवलंय, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही इतका तापतोय, पहाटे गार पडतोय, रोज वाढतोय रोज आकसतोय, बारा-तेरा वर्षं. क्लिपा ढिल्या होणारच, भोकं लांबट होणारच. दुपारी फुगून घट्ट बसतोय म्हणून गप्प, सकाळी आकसतोय म्हणून कुरकुर. म्हणून आवाज शोधायचा असंल तर पहाटे शोधा.

शोधायची पद्धत अशी. भाऊ गाडी चालवायला, मी शेजारी, रस्ता खराब, वेग वीस-पंचवीस. एका हाताच्या तळव्यानं एक-एक भाग दाबायचा, दाबल्यावर आवाज थांबला की तिथं मास्किंग टेप लावून पुढं जायचं. दोन-तीन ठिकाणी एकदम दाबू नका, कळत नाही. फटीत जुनं व्हिजिटिंग कार्ड सारून बघा, गप्प बसला की जागा सापडली. एक लक्षात ठेवा, आवाज जिथं ऐकू येतोय तिथनंच येत असतो असं नाही. मला दोन दिवस वाटत होतं की मीटरच्या मागनं टकटक येती, निघाली कुठनं तर बॉनेटच्या आत, बॅटरीची पट्टी सैल होती, आणि आवाज पत्र्यातनं फिरत डॅशबोर्डात येऊन वाजत होता. डॅशबोर्ड उघडायच्या आधी बॉनेट उघडून बॅटरी, हॉर्न, पाण्याची बाटली, केबलांचे चिमटे हलवून बघा.

आणि शक्यतो डॅशबोर्ड पूर्ण उघडू नका. आमचा २०१८ ला एसीच्या कूलिंग कॉइलसाठी उघडला होता, आणि आबा सांगतात की कुरकुर तेव्हापासनं वाढली. घाईत काढताना क्लिपा तुटतात, ज्या तुटल्या त्या तशाच सोडतात, स्क्रू चौदा निघतात आणि अकरा बसतात. मी मोजले, तीन जागा रिकाम्या होत्या आणि दोन स्क्रू भलत्याच मापाचे होते. उघडावाच लागला तर स्वतः शेजारी उभं रहा, स्क्रू एका ताटलीत ठेवायला लावा, नवीन क्लिपा आधीच आणून ठेवा, एक क्लिप काय दहा-वीस रुपयाची असती. जिथं प्लास्टिकला प्लास्टिक लागतंय तिथं नमद्याची (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाची) पातळ पट्टी चिकटवा. कुशनवाल्याकडं नमदा मिळतोय, मी तिथनंच आणला. फोम वापरू नका, वर्षा-दोन वर्षात त्याचा भुगा होतोय.

तिसऱ्या रविवारी केबिनखालची रबरं, आणि हे आधी करायला पाहिजे होतं. आमच्या केबिनखाली सहा आहेत, सहाच्या सहा लाकडागत झालेली. नखानं दाबून बघा, नवीन रबरात नख रुततंय, आमच्यात उमटतही नव्हतं. एक तर मधनं फाटून केबिनचा कंस थेट चॅसीवर बसला होता, लोखंडावर लोखंड. मामांनी एका बाजूचे बोल्ट सैल केले, केबिनखाली आडवी फळी देऊन जॅकनं हळूहळू उचलली, बोटभर, रबरं बदलली, मग दुसरी बाजू. हे करताना एक माणूस फक्त स्टिअरिंगच्या जोडावर, गिअर लिव्हरवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर नजर ठेवून उभा पाहिजे, ताण आला की थांबायचं. आणि हे काम जाणत्या माणसाकडनंच करून घ्या, घरी करू नका. रबरांचे आणि मजुरीचे मिळून जे पैसे गेले ते एका टायरपेक्षा कमी होते आणि गाडीत पडलेला फरक चार टायरांनी पडला नसता. तो जो घणघण हादरा पाठीत बसायचा तो गेला.

पाट्यांचं थोडक्यात सांगतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कड्यांचे, बुश बदलले, पाटे धरून ठेवणारे चिमटे ठोकून घेतले, पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळले. हे दुसऱ्यांदा आवळणं कुणी करत नाही आणि तिथंच करकर परत येती. फाळक्याच्या साखळीला प्लास्टिकची नळी चढवली. हौदा आणि केबिनच्या मधी माल सरकू नये म्हणून जी जाळी आहे तिचे दोन वेल्ड सुटले होते, ते मारून घेतले.

आता मनात बरेच दिवस साठलेलं लिहितो. कामाची पिकअप बनवताना सगळा विचार हौद्याचा होतोय, असं मला पक्कं वाटायला लागलंय. किती टन, किती फूट लांब, किती ॲव्हरेज. जाहिरातीतही तेच, दुकानातही तेच, आणि खरं म्हणजे आपणही तेच विचारतो. केबिन म्हणजे उरलेली जागा. दरवाज्याला एकच रबर, छताला आतनं पातळ पुठ्ठा, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, नावापुरता नमदा. हार्ड प्लास्टिकला माझी हरकत नाही, धूळ-चिखलात तेच टिकतंय, ओल्या फडक्यानं पुसता येतंय. हरकत आहे ती जोडांना. टाटाची ती पहिली पिकअप, १९८८ ची टाटामोबाईल, आमच्या चुलत्यांकडं जुनी घेतलेली होती, तिच्यातही आवाज होते, भरपूर होते, पण तिथं पत्रा होता आणि पत्र्यात स्क्रू होता, वाजलं की स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आणि आवळायचं. आता क्लिप आहे, क्लिप एकदाच चांगली बसती, आणि दहा वर्षांनी तीच क्लिप हातात घेतली की तुटती.

आणि करता येत नाही असं नाही. गाडी बाजारात आणायच्या आधी ती चार हायड्रॉलिक खांबांवर उभी करून खराब रस्त्याचे हादरे देतात, गरम आणि गार खोलीत ठेवून आवाज ऐकतात, याला इंजिनियरिंगमध्ये वेगळी शाखाच आहे. हौसेच्या पिकअप बघा, इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ ला आली, टोयोटाची हायलक्स २०२२ ला भारतात आली. त्यांनाही खाली शिडीचीच चॅसी आणि मागं पाटेच आहेत. म्हणजे सांगाडा तोच, पण आत बसणाऱ्यासाठी जास्त रबर, जास्त नमदा, जास्त विचार. त्यांच्या एकीच्या पैशात कामाच्या दोन-तीन पिकअप येतील हे मला कळतंय, तेवढं कुणी मागत नाही. पण दरवाज्याला दुसरं रबर, क्लिपेच्या जागी चार स्क्रू आणि छताला थोडा नमदा एवढ्यानं गाडीची किंमत किती वाढंल. जो माणूस घर चालवायला दिवसाचे दहा तास त्यात बसतोय त्याच्यासाठी एवढं मागणं जास्त नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्याच्यानंतर दरवर्षी आपण गाडी पासिंगला नेतो, ब्रेक बघतात, लाईट बघतात, धूर बघतात आणि ते बघायलाच पाहिजे. पण केबिनमधल्या माणसाच्या कानाला काय होतंय ते कुणी विचारत नाही.

जुनी पिकअप घ्यायला निघाला असाल तर माझं ऐका. विकणारा गाडी सुरू केल्या केल्या टेप लावतोय, तो आधी बंद करा. गाडी रिकामी आणि सकाळची बघा, काचा वर घ्या, फुटलेल्या रस्त्यावर वीसच्या वेगानं चालवा, हायवेवर नाही. दरवाजे उचलून बघा, केबिन आणि हौद्याच्या मधली फट दोन्ही बाजूला सारखी आहे का बघा, कमी-जास्त असंल तर चॅसी तरी वाकलीय नाहीतर रबरं तरी बसलीत. डॅशबोर्डचे स्क्रू बघा, वेगवेगळ्या डोक्याचे दिसले तर तो उघडून झालाय. पायाखालचं मॅटिंग उचलून नमद्याला नाक लावा, पुरात बुडालेल्या गाडीचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

परवा आबांना घेऊन मार्केट यार्डात गेलो होतो, गाडी रिकामी, रस्ता आपला नेहमीचा. टेप मध्यंतरी दुरुस्त करून आणलाय. रंकाळ्याच्या पुढं मी तो लावायला हात नेला तर आबांनी मनगट धरलं, मान डावीकडं कलती केली आणि म्हणाले, "थांब जरा, लावू नको. डाव्या काचेच्या चॅनलात अजून एक राहिलाय बघ, तिसऱ्या गिअरला येतोय. ऐकू दे."